रूट कोण ठरवणार?

घरी फ्लाइट सिम्युलेटर उडवणारा माणूस पैसे कशावर घालवतो, याची यादी ठरलेली असते. आधी ग्राफिक्स कार्ड, मग योक, मग रडर पेडल, मग दोन-चार विमानं आणि शेवटी एखाद्या विमानतळाची हुबेहूब सीनरी. फ्लाइट प्लॅन बनवायच्या सॉफ्टवेअरचा विचार यात कुठेच नसतो, कारण त्याच्याशिवायही उडता येतं. सिमच्या नकाशावर मुंबईवर क्लिक करायचं, नागपूरवर क्लिक करायचं, सिम आपणहून मधे रेघ ओढतं आणि आपण थेट धावपट्टीवर, इंजिनं चालू. मी बरीच वर्षं असाच उडलो आणि मजेत उडलो. ऑफिसातून आल्यावर तासभर विमान फिरवायचं असेल तर एवढं पुरतं.

पुरेनासं झालं ते एअरबस आल्यावर. फ्लायबायवायर नावाच्या हौशी मंडळींच्या गटाने मायक्रोसॉफ्टच्या सिमसाठी ए३२० फुकट दिलं आहे आणि ते खेळणं मुळीच नाही. त्याच्या कॉकपिटमधला एमसीडीयू, म्हणजे दोन सीटांच्या मधला छोटा पडदा आणि त्याखालची बटणं, बसल्याबसल्या प्रश्न विचारायला लागतो. कुठून कुठे? पर्यायी विमानतळ कोणता? इंधन वगळून वजन किती? कॉस्ट इंडेक्स किती? उत्तर दिलं नाही की नारिंगी चौकोन तसेच रिकामे राहतात आणि पुढचा हिशोब अडतो. टाक्या काठोकाठ भरून मोकळं व्हावं, तर तेही चालत नाही. ए३२०च्या टाक्यांत साडेअठरा टनांच्या आसपास इंधन मावतं. मुंबई-नागपूरला त्यातलं तीन टनही जळत नाही. उरलेलं सगळं पोटात घेऊन भरलेलं विमान नागपूरला पोचलं, तर ते उतरण्याच्या कमाल वजनाच्या, म्हणजे ६६-६७ टनांच्या, कितीतरी वर असतं. सिममध्ये चाकं मोडत नाहीत हे खरं, पण एवढं मन लावून कॉकपिट उभं केल्यावर अशी लँडिंग करायला जीव होत नाही.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळी हयात विमान कंपनीत डिस्पॅचर म्हणून गेली. इमारतीतली सगळी पोरं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. डिस्पॅचर काय करतो हे बहुतेकांना माहीत नसतं. विमान कोणत्या मार्गाने जाणार, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, आणि मुक्कामी उतरता आलं नाही तर कुठे जाणार, हे सगळं विमान सुटण्याआधी कागदावर मांडणारा माणूस तो. कॅप्टन त्या कागदावर सही करतो आणि मग विमान हलतं. काकांनी त्यांच्या उमेदीच्या काळात हे काम आलेख, तक्ते आणि पेन्सिल घेऊन केलं आहे. माझं सिम त्यांनी एकदा उभ्याउभ्या पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अरे, फ्युएल कोणी काढलं?" मी म्हटलं, कॉम्प्युटरने. "कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?" यावर मला बोलता येईना.

मग शोध सुरू केला. सिमवाल्यांमध्ये ज्याचं नाव सगळ्यात आधी निघतं ते सिमब्रीफ. ब्राउझरमध्ये चालतं, खातं काढावं लागतं, पैसे पडत नाहीत. २०२१पासून ते नॅव्हीग्राफ या स्वीडनमधल्या कंपनीकडे आहे. निघायच्या आणि पोचायच्या विमानतळांचे चार अक्षरी कोड टाकायचे, मुंबईचा व्हीएबीबी, नागपूरचा व्हीएएनपी. विमान निवडायचं, प्रवासी किती ते भरायचं आणि बटण दाबायचं. काही सेकंदांत कित्येक पानांचा ऑपरेशनल फ्लाइट प्लॅन समोर. त्याचे वेगवेगळे साचे आहेत. मूळ साचा लिडोचा, खऱ्या कंपन्यांमध्ये वापरतात तशाच धाटणीचा. टाइपरायटरच्या अक्षरांत दाटीवाटीने भरलेला, पहिल्यांदा बघणाऱ्याला टेलिग्रामसारखा वाटेल असा.

मी तो छापून काकांकडे नेला. चष्मा लावून त्यांनी आधी इंधनाचा तक्ता काढला. मला वाटायचं इंधन म्हणजे एक आकडा. तिथे ओळीखाली ओळ होती. प्रत्यक्ष प्रवासाचं सुमारे पावणेतीन टन. त्यावर पाच टक्के आकस्मिक. मग नागपूरला उतरता आलं नाही तर रायपूर गाठायला सव्वा टनाच्या आसपास. मग शेवटची राखीव, म्हणजे तिथे पोचल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, हे साधारण अकराशे किलो. आणि धावपट्टीपर्यंत जायला दोनशे. सगळं मिळून साडेपाच टनांच्या आतबाहेर. म्हणजे घेतलेल्यातलं निम्मं इंधन ठरल्याप्रमाणे न जळता परत येण्यासाठीच असतं. काका एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत होते आणि सांगताना प्रत्येक ओळीला कुठला ना कुठला किस्सा जोडत होते. शेवटच्या राखीव इंधनाला कोणी हात लावला की पुढे कागदपत्रं किती करावी लागतात, हे त्यांनी फार खुलवून सांगितलं.

सिमब्रीफची माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे वारा. ते त्या दिवशीचा खरा, वरचा वारा घेऊन हिशोब करतं. हे कळायला मी तोच मुंबई-नागपूर रूट जानेवारीत आणि जुलैत काढून बघितला. जानेवारीत आपल्याकडे वर पश्चिमेचे वारे असतात, ते नागपूरला जाताना पाठीवर येतात. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहायला लागतो, मग तोच वारा जाताना तोंडावर. विमान तेच, रूट तोच, वजनही तेच, पण इंधन आणि वेळ दोन्ही वेगळे. शाळेत भूगोलात मोसमी वारे शिकलो होतो. ते तेहतीस हजार फुटांवर उलट दिशेने वाहतात, आणि विमान कंपनीच्या खर्चात दिसतात, हे मला घरातल्या खुर्चीत बसून कळलं. उंचीचंही तसंच. पूर्वेकडे जाताना विषम हजारांची पातळी, तीनशे तीस किंवा तीनशे पन्नास, म्हणजे तेहतीस किंवा पस्तीस हजार फूट. पश्चिमेकडे येताना सम. सिमब्रीफ हे आपलं आपण बघतं. उतरायला कुठे सुरुवात करायची तेही ते दाखवतं. नागपूर साधारण शंभर मैलांवर राहिलं, अकोला मागे पडलं, की खाली यायला लागायचं. एवढ्या लहान उड्डाणात विमान सरळ उडतं असं फार थोडं. अर्धा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो.

हा प्लॅन विमानात चढवणं तर फारच सोपं. एअरबसमध्ये उजव्या-डाव्या खिडकीशी जो टॅब्लेट असतो त्यात आपला सिमब्रीफचा आयडी एकदा टाकून ठेवायचा. नंतर एमसीडीयूवर इनिट रिक्वेस्टचं बटण दाबलं की रूट आपोआप येऊन बसतो. वजनं टॅब्लेटवरून भरली जातात. ज्यांची विमानं फाइल मागतात त्यांच्यासाठी सिमब्रीफचं एक छोटं डाउनलोडर आहे. ते प्रत्येक सिमच्या योग्य फोल्डरमध्ये योग्य प्रकारची फाइल टाकून देतं. हा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण यात सांगण्यासारखं काही नाही. चालतं.

आणि तिथेच माझी कुरकुर सुरू झाली. सगळंच चालतं. कोड टाकला, बटण दाबलं, प्लॅन तयार. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी कागद छापतो आणि वाचत नाही. रूटमध्ये कोणते एअरवे, म्हणजे आकाशातले ठरलेले रस्ते, आहेत, पर्यायी विमानतळ रायपूर का, हैदराबाद का नाही, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डिस्पॅचरचं काम सॉफ्टवेअर करत होतं, पायलटचं काम ऑटोपायलट करत होता, आणि मी चहा घेऊन शेजारी बसलो होतो. काही लोकांना नेमकं हेच हवं असतं. त्यांना विमान कंपनीच्या वेळापत्रकानुसार दिवसाला तीन सेक्टर करायचे असतात. त्यांच्यासाठी सिमब्रीफ सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही.

मला खाली उतरायचं होतं. सेसना १७२ घेऊन सह्याद्री बघत जायचं होतं. सिमब्रीफमध्ये सेसनाही आहे, पण तिथे तिचाही हिशोब एअरबससारखाच होतो. रूट म्हणजे वेपॉइंटांची, नकाशावरच्या ठरलेल्या बिंदूंची, ओळ. वाटेत कोणता डोंगर आहे हे ती ओळ सांगत नाही. इथे मला लिटल नॅव्हमॅप सापडलं. अलेक्झांडर बार्थेल यांनी लिहिलेलं, फुकट, मुक्तस्रोत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं. एका खिडकीत नकाशा, बाजूला रूटचा तक्ता, खाली विमानतळ शोधायची जागा, वर चाळीस-पन्नास बटणांची रांग. मदतीची पुस्तिका एखाद्या कादंबरीएवढी. पहिला आठवडा फक्त कोणती खिडकी कुठे बंद करायची यात गेला असं म्हटलं तरी चालेल.

पण मग एका रविवारी औरंगाबाद ते जुहू असा रूट टाकला. सरळ रेघ, दीडशे नॉटिकल मैलांच्या आसपास. नकाशाखाली या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते, तिच्यात रूटखालची जमीन बाजूने कापून दाखवतात. त्या पट्टीत महाराष्ट्र असा काही दिसला की मी बघतच राहिलो. डावीकडे औरंगाबादचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फूट. तिथून पठार जवळपास सपाट चालत येतं. मग जमीन ईसीजीच्या पट्टीसारखी एकदम वर उसळते आणि लगेच थेट खाली, समुद्रसपाटीच्या जवळ, कोसळते. कर्सर त्या टोकावर नेला आणि वरच्या नकाशात बघितलं. हरिश्चंद्रगड. औरंगाबादहून जुहूला सरळ रेघ मारली की ती जवळजवळ गडाच्या डोक्यावरून जाते, आणि ते थेट खाली कोसळणं म्हणजे कोकणकडा. मी तिथे ट्रेकला जाऊन आलो आहे, कड्याच्या कडेला पोटावर झोपून खाली डोकावलो आहे. तेच पुन्हा एका हिरव्या आलेखात दिसत होतं.

तिथे एक सावधगिरी मात्र लागते. या पट्टीसाठी इंटरनेटशिवाय वापरायची जी उंचीची माहिती डाउनलोड करतात ती साधारण एक किलोमीटरच्या चौकटींची आहे. चौकटीतली उंची सरासरी असल्यामुळे टोकदार सुळके दबून जातात. गडाची उंची चौदाशे मीटरच्या वर, म्हणजे साडेचार हजार फुटांहून जास्त. पट्टीत तो त्यापेक्षा ठेंगणा दिसतो. थोडं उत्तरेला कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, चोपन्नशे फूट. म्हणून आलेख बघून पाच हजार फूट पुरतील असं ठरवायचं नाही. पश्चिमेकडे जायचं तर नियमाप्रमाणे सम हजार अधिक पाचशे, म्हणजे साडेसहा हजार. ते मी ठरवलं, सॉफ्टवेअरने नाही. आणि तेवढ्यावरूनच मला हे सॉफ्टवेअर आवडलं.

इथेही वारा आहेच. लिटल नॅव्हमॅप अमेरिकेच्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज उतरवून घेतं. तोच औरंगाबाद-जुहू रूट मी जुलैत काढला. वर, विमान कंपन्यांच्या उंचीवर, पूर्वेचा वारा. पण पाच-सहा हजार फुटांवर नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून थेट घाटावर आपटत असतो, पस्तीस नॉटपर्यंतचा. एकशे दहा नॉटने उडणाऱ्या सेसनाला तो समोरून लागला की जमिनीवरचा वेग पंचाहत्तरवर येतो. दीड तासाच्या आतली वाट दोन तासांची होते.  शिवाय घाटमाथ्यावर ढग टेकलेले असतात, त्यामुळे साडेसहा हजारांवरून काही दिसतही नाही. काकांना हा प्लॅन दाखवला तर ते म्हणाले, "यात पहिली गोष्ट ही, की जाऊ नकोस." त्यांच्या मते डिस्पॅचरच्या हातातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण मला अजून सापडलेलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे लोक सगळ्यात जास्त वैतागतात तिच्याकडे येतो. प्लॅन बनवणारं सॉफ्टवेअर एका जगात राहतं आणि सिम दुसऱ्या. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून मायक्रोसॉफ्टचं जुनं सिम, एफएसएक्स, आहे, २००६ साली आलेलं. त्यात हैदराबादचा विमानतळ बेगमपेट आणि बंगळूरचा एचएएलचा. कारण शमशाबाद मार्च २००८मध्ये सुरू झालं आणि देवनहळ्ळी त्याच वर्षी मे महिन्यात. सिमब्रीफमध्ये आजचं हैदराबाद म्हणजे शमशाबाद. ते मस्तपैकी मार्ग काढून देतं, उतरण्याची जागाही सांगतं. आणि तिथे एफएसएक्समध्ये पोचलं की खाली नुसती जमीन. गोव्याच्या मोपाचंही तेच. तिथून उड्डाणं २०२३च्या जानेवारीत सुरू झाली, त्यामुळे त्याआधी बनलेल्या कोणत्याही सीनरीत मोपाला डोंगरमाथा आहे, विमानतळ नाही. नवी मुंबईचा विमानतळ तर त्याहूनही नवा.

लिटल नॅव्हमॅप या बाबतीत शहाणं आहे. ते पहिल्यांदा सुरू केलं की तुमच्या सिमची सीनरी स्वतः वाचून काढतं आणि नकाशावर तेच विमानतळ, त्याच धावपट्ट्या, तेच आयएलएस दाखवतं जे तुमच्या सिममध्ये आहेत. एफएसएक्सबरोबर वापरलं की हैदराबाद म्हणून बेगमपेटच दिसतं. नवीन सीनरी टाकली की पुन्हा वाचायला लावायचं, थोडी मिनिटं जातात. माझ्या मते सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हे माझ्या सिमकडे बघतं, का फक्त खऱ्या जगाकडे? खऱ्या जगाकडे बघणारं वाईट असतं असं नाही. पण मग सिमलाही खऱ्या जगाच्या बरोबरीला आणावं लागतं, आणि तिथून खर्च सुरू होतो.

खर्चाचं कारण असं. वेपॉइंट, एअरवे, उतरण्याच्या पद्धती जगभर बदलत असतात. हे बदल मन मानेल तेव्हा लागू होत नाहीत; दर २८ दिवसांनी, गुरुवारी, सगळीकडे एकदम लागू होतात. या चक्राला एअरॅक म्हणतात. वर्षाला साधारण तेरा चक्रं. सिमब्रीफ फुकट वापरणाऱ्याला जुन्या चक्रातली माहिती मिळते, लिटल नॅव्हमॅपबरोबरही जुनंच चक्र येतं. ताजं हवं तर नॅव्हीग्राफची वर्गणी भरायची. तिच्यात सिम, विमानं आणि प्लॅनर सगळ्यांना एकच ताजी माहिती मिळते, वर जेपसनचे चार्टही. घरी एकटं उडायचं असेल तर जुन्या चक्राने काही बिघडत नाही. सिम, विमान आणि प्लॅनर तिघांचं चक्र एकच असलं की झालं, मग ते कितीही शिळं का असेना.

व्हॅटसिमवर गेलं की मात्र हे चालत नाही. २००१पासून चालणाऱ्या या ऑनलाइन जाळ्यात दुसऱ्या टोकाला खरा माणूस कंट्रोलर म्हणून बसलेला असतो. तो तुम्हाला ताज्या चार्टमधला एखादा वेपॉइंट देतो, आणि तुमच्या एमसीडीयूला तो माहीतच नसतो. पाच अक्षरं टाइप करायची, नॉट इन डेटाबेस. पुन्हा टाइप करायची, पुन्हा तेच. तोपर्यंत मागे रांगेत तिघे. मी व्हॅटसिमवर नियमित जायला लागलो तेव्हा वर्गणी भरली, आणि तो खर्च मला कधी खुपला नाही. भारतातल्या विमानतळांचे चार्ट मात्र विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या अधिकृत माहितीसंग्रहात फुकट वाचायला मिळतात. नुसते बघायचे असतील, शिकायचे असतील, तर तिथे जावं.

मधे मी एक सशुल्क प्लॅनरही घेऊन बघितलं. नाव देत नाही. हिशोब फार काटेकोर, विमानांचे तपशील ढीगभर. पण परवाना ठरावीक वेळाच चालू करता येत होता. कॉम्प्युटर बदलला आणि त्याने ओळख द्यायला नकार दिला. विक्रेत्याला लिहिलेल्या मेलांना उत्तर आलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा, की प्लॅनर एकतर मुक्तस्रोत असावं किंवा वर्गणीवर. एकरकमी पैसे घेऊन मागे कोणाचा तरी सर्व्हर चालू राहील या भरवशावर काही घ्यायचं नाही.

टेबलावरची मांडणी आता अशी आहे. लिटल नॅव्हमॅप सिमशी जोडलेलं असतं, त्यामुळे आपलं विमान नकाशावर सरकताना दिसतं. त्याच्या आतच एक छोटा वेबसर्व्हर आहे. तो चालू केला की तोच नकाशा घरातल्या वायफायवर दुसऱ्या कुठल्याही यंत्राच्या ब्राउझरमध्ये उघडतो. काच तडकलेला एक जुना फोन मी योकवर रबरबँडने बांधला आहे. दोन मॉनिटर घ्यायचे पैसे वाचले. बायकोचं म्हणणं असं की वाचलेले पैसे तिला कधी दिसले नाहीत.

या नकाशावर आजवरचं सगळ्यात आवडीचं काम म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२चं उड्डाण पुन्हा मांडणं. जेआरडी टाटांनी त्या दिवशी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठलं. एअरवे नाहीत, वेपॉइंट नाहीत, रेडिओ मार्गदर्शन नाही. सिमब्रीफला हे सांगायला जावं तर ते आजचे मार्ग देतं. लिटल नॅव्हमॅपमध्ये मी नकाशावर हाताने खुणा टाकत गेलो: कराचीहून सिंधचा किनारा, कच्छचं रण, अहमदाबाद, मग खंबातचं आखात डावीकडे-उजवीकडे कसं ठेवायचं यावर पाऊण तास, आणि मग किनारा धरून खाली. पहिला टप्पा सुमारे तीनशेवीस नॉटिकल मैलांचा, दुसरा दोनशेचाळीसच्या आतबाहेर. ताशी शंभर मैलांच्या विमानाला सहा-सात तास. पस मॉथ माझ्याकडे नव्हतं. सेसनाच थोडी हळू चालवली. रणावर खाली ओळखायला काही नसतं, नुसता पांढरा सपाट विस्तार. होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर तिथून जाणाऱ्या माणसाने काय हिशोब केला असेल, ते तो रूट हाताने टाकल्याशिवाय मला कळलं नसतं.

कंपनीचं विमान असलं की मात्र अजूनही सिमब्रीफच. फक्त आता कागद वाचतो, शेवटची पानंसुद्धा. शेवटी नोटॅम असतात. कुठला दिवा बंद, कुठला टॅक्सीवे खणलेला, अशा सूचना. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी एकेक दिवस, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, पूर्ण बंद ठेवतात. मे महिन्यातल्या अशाच एका दिवशी मी दुपारचं नागपूर-मुंबई काढलं आणि सूचना समोर आली. सिममध्ये धावपट्टी अर्थातच मोकळी. काकांना म्हटलं, तिथे कोणी खणत नाहीये, उतरलो तर काय बिघडलं? काका म्हणाले, "मग नोटॅम छापलास कशाला? बंद म्हणजे बंद. पाचनंतर पोचेल असं निघ. आणि पाचला धावपट्टी उघडली की सगळी विमानं एकदम येणार. अर्ध्या तासाचं फ्युएल वर टाक."

सिमब्रीफमध्ये जादा इंधनाचा रकाना असतो, त्यात बाराशे किलो टाकले आणि सव्वापाचच्या हिशोबाने निघालो. ते बाराशे किलो जसेच्या तसे मुंबईला उतरले. व्हॅटसिमवर त्या संध्याकाळी मुंबईला माझ्याशिवाय कोणीच येत नव्हतं.